किलवरचा एक्का, शनिवारची संध्याकाळ

१९७६ चा उन्हाळा. मँचेस्टरात पाऊस पडत नाहीये, हे ऐकून ज्याला हे शहर माहीत आहे तो हसेल. पण या वर्षी खरंच तसं आहे. इंग्लंडभर पाणी जपून वापरा म्हणून सांगताहेत, बागांमधलं गवत करपलंय. हाइड रोडवर बस थांबते आणि तुमच्याबरोबर अर्धी बस रिकामी होते. एवढ्या उकाड्यातही लोकांच्या गळ्यात लोकरी मफलर आहेत. एका बाईच्या जाकिटावर इतके बिल्ले, की खालचं कापड दिसत नाही. प्रत्येक बिल्ल्याखाली वर्षांच्या बारीक पट्ट्या एकीखाली एक अडकवलेल्या : ७२, ७३, ७४, ७५. शनिवार आहे, आणि या भागात शनिवारी कुठं जायचं हे कुणी कुणाला विचारत नाही.

बाजूच्या भिंतीआड बेल व्ह्यूचं प्राणिसंग्रहालय आहे. जॉन जेनिसन नावाच्या माणसानं १८३६ मध्ये इथं बागा उघडल्या. पुढं त्यात हत्ती आले, नाचघर आलं, सर्कस आली, लाकडी रोलर कोस्टर आला आणि १९२९ मध्ये मोटरसायकलींच्या शर्यतींचं, म्हणजे स्पीडवेचं, हे स्टेडियम आलं. गिरणीतल्या माणसानं आठवड्याची मजुरी खिशात घालून बायकापोरांसह सकाळी आत शिरावं आणि रात्री बाहेर पडावं, असा सगळा बेत. आता त्यातलं बरंच उरलेलं नाही. पुढच्या वर्षी प्राणिसंग्रहालयही बंद होणार आहे. तुम्हाला ते माहीत आहे, रांगेतल्या कुणाला नाही. आजची संध्याकाळ तुम्हाला अशीच काढायची आहे, बरंच काही ठाऊक असून तोंड मिटून.

तिकीट घ्या आणि मग पत्रिका घ्या. पत्रिकेशिवाय आत गेलात तर तुम्ही नुसते बघे. मधल्या पानावर तेरा चौकटी छापलेल्या आहेत, तेरा शर्यतींच्या, त्यांना इथं हीट म्हणतात. प्रत्येक चौकटीत चार नावं, दोन घरच्यांची आणि दोन पाहुण्यांची. नावांपुढं रिकामी घरं आहेत. ती तुम्ही भरायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला भोपळा. पडला तर एक खूण, इंजिन बंद पडलं तर दुसरी, पंचानं बाद केलं तर तिसरी. तेरा हीटचे मिळून अठ्ठ्याहत्तर गुण, म्हणजे चाळीस झाले की सामना खिशात. तुमच्या आजूबाजूला हजारो माणसं उभी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पेन्सिल आहे. फुटबॉलला लोक ओरडायला जातात. इथं लोक ओरडतातही आणि हिशेबही ठेवतात. एवढे मुनीम एकाच मैदानावर दुसऱ्या कुठल्या खेळानं जमवले असतील, असं मला वाटत नाही.

मग तो वास येतो.

लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेलं एरंडेल आठवतंय? तेच. इथं फक्त जळलेलं. या गाड्या पेट्रोलवर चालत नाहीत, मिथेनॉलवर चालतात, आणि त्यांच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेलापासून केलेलं तेल घालतात. लालबुंद तापलेल्या भागांवरही त्याचा थर टिकतो. ते जळलं की गोडसर, जड, घशाशी रेंगाळणारा वास सुटतो. ज्या वासानं आपल्याकडच्या पिढ्या अंथरुणाखाली लपल्या, त्याच वासानं लँकेशरमधल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात. खोल श्वास घ्या. इथले सगळे घेताहेत.

कुंपणापाशी जाऊन पिट्समध्ये डोकावा. दोन्ही संघांचे सात-सात स्वार, त्यांचे मेकॅनिक, पान्यांचे आवाज. गाड्या बघून आधी तुम्हाला वाटेल, यांचं काहीतरी जोडायचं राहून गेलंय. ब्रेक नाहीत. पुढंही नाहीत, मागंही नाहीत. गिअरबॉक्स नाही, एकच गिअर. किकही नाही, ढकलून सुरू करायची. पाचशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, एक चौकट, दोन चाकं आणि तळहाताएवढी सीट. काही टाक्यांवर मात्र ओळखीचं नाव दिसेल : जावा. तुमच्या काकांकडे जी होती, मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेली, किक आणि गिअर एकाच दांड्यात असलेली, तिच्याच चेक घराण्यातली ही चुलत बहीण. दिविशोव्ह गावात एसो नावानं या शर्यतीच्या गाड्या बनत. साठीच्या दशकात तो कारखाना जावाच्या छत्राखाली आला आणि बॅरी ब्रिग्जसारख्या जगज्जेत्यानं त्या गाड्या इंग्लंडमध्ये आणून विकल्या. त्याआधी पस्तीसेक वर्षं लंडनच्या टॉटनहॅममधल्या प्रेस्टविच कंपनीच्या जॅप इंजिनाचं राज्य होतं. आणि आता, या उन्हाळ्यात, जावाचीही खुर्ची डळमळतेय, कारण ससेक्समधल्या राय गावच्या वेस्लेक कंपनीनं चार व्हॉल्व्हचं इंजिन आणलंय. पिट्समधली कुजबुज बहुतेक त्याविषयीच आहे.

त्या गर्दीत एक तरतरीत पोरगा दिसतोय ना, छातीवर बेल व्ह्यूची खूण, किलवरचा एक्का? पीटर कॉलिन्स. इथं त्याला सगळे पीसी म्हणतात. चेशरच्या शेतकरी भागातला, इथल्याच गाड्या बघत वाढलेला. पाच भाऊ, आणि पाचही जण पुढंमागं याच धंद्यात. येत्या ५ सप्टेंबरला पोलंडमधल्या खोझूफला तो वेस्लेकवर बसून जगज्जेता होणार आहे. सांगू नका. त्याच्याजवळ ख्रिस मॉर्टन आहे, ज्याची गाडी मागून येऊन बाहेरच्या बाजूनं पुढं सरकली की हा अख्खा स्टँड उठतो. आणि हा हसणारा अॅलन विल्किन्सन. त्याच्याकडे जास्त वेळ बघणं तुम्हाला जमणार नाही. दोन वर्षांनी, १९७८ च्या जुलैमध्ये, एका अपघातात त्याच्या कण्याला इजा होणार आहे आणि त्यानंतर तो चालू शकणार नाही. आत्ता तो हातमोजे घालतोय.

बिगूल, संचलन, टाळ्या. स्वार हात हलवत एक चक्कर मारतात. पाण्याचा टँकर मार्गावर शिंपडून जातो, पण या कोरड्या हवेत ते पाणी बघता बघता उडून जातंय. तुम्ही पहिल्या वळणावर उभे राहिलात. नवखे बहुतेक तिथंच उभे राहतात, कारण बाकीच्यांनी ती जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली असते. का ते आता कळेल.

चार जण सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फितींपाशी येतात. लाल आणि निळं हेल्मेट घरच्यांचं, पांढरं आणि पिवळं पाहुण्यांचं. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलाय. पुढची चाकं फितींपासून बोटभर अंतरावर. इंजिनं किंचाळतात, तो आवाज कानानं ऐकू येण्याआधी बरगड्यांना लागतो. फिती वर उडतात. चौघंही पुढचं चाक हवेत घेऊन सुटतात आणि काही क्षणांत तुमच्या अंगावर येतात, खांद्याला खांदा लावून, ब्रेक नसलेले. आणि इथं तुमची अक्कल गोंधळते. कारण डावीकडे वळायचंय आणि चौघांचीही पुढची चाकं उजवीकडे वळलेली आहेत. मागचं चाक घसरवून त्यांनी गाडी आडवी टाकलीय, डावा पाय जमिनीवर ओढत, आणि वेग कमी करायच्या जागी अॅक्सिलरेटर पिळलाय. गाडी वळते ती हँडलनं नव्हे, मागच्या चाकाच्या जोरानं. मूठ सोडली तर चाक पकड घेईल आणि स्वार उडेल. जास्त पिळली तर गाडी खालून निघून जाईल. या दोहोंच्या मधे जी जागा आहे तिथं हे लोक आपला संसार चालवतात.

“मान खाली!” शेजारचा म्हातारा ओरडतो. उशीर झाला. चार चाकांनी उडवलेला शेल, ठिसूळ दगडाचा तो ओला-कोरडा चुरा, तुमच्या केसांत, शर्टात आणि दातांखाली. म्हाताऱ्यानं वेळेवर पत्रिका तोंडासमोर धरली होती. चार फेऱ्या, मिनिटाहून थोडा जास्त वेळ, की संपलं. लाल, पांढरा, निळा, पिवळा. चार-दोन. निवेदक वेळ सांगतो आणि त्या क्षणी हजारो माना एकदम खाली वळतात. पेन्सिली चालताहेत. चार फेऱ्यांत तुम्हाला धड काय दिसलं कुणास ठाऊक, पण तुमच्या चौकटीतही आकडे आले आहेत.

म्हातारा बोलका आहे. हीट आणि हीटच्या मधे ट्रॅक्टर मार्ग सारखा करतो, तेवढ्या वेळात तो एक-एक दशक सांगून टाकतो. तो म्हणतो की स्वार म्हणजे काही फिल्मस्टार नव्हे, फिरता कारागीर. दर स्टार्टमागे पैसे, दर गुणामागे पैसे, पडलास तर औषधाचा खर्च वर. आठवड्याचं वेळापत्रक आपल्या आठवडे बाजारासारखं : सोमवारी एक्सेटर, बुधवारी पूल, गुरुवारी विम्बल्डन, शुक्रवारी हॅकनी, शनिवारी बेल व्ह्यू. गाडीमागं मोटरसायकल बांधायची आणि रात्री-अपरात्री पुढचं गाव गाठायचं. म्हणून चाहत्याला त्याचा नायक आठवड्याला दिसतो, सामना संपल्यावर पिट्समध्ये हात काळे झालेला सापडतो, आणि पत्रिकेवर सही करताना तेलाचा ठसाही उमटवून जातो. त्या ठशाच्या पत्रिका लोकांनी जास्त जपल्या आहेत.

आयव्हन मॉगरचा विषय निघाल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा बदलतो. न्यूझीलंडहून आलेला हा माणूस पहिल्यांदा विम्बल्डनला आला तेव्हा त्याला कुणी धड गाडीवर बसू दिलं नव्हतं. तो परत गेला, पुन्हा आला, न्यूकॅसलकडून खेळला आणि १९६८, ६९, ७० अशी सलग तीन वर्षं जगज्जेता झाला. त्याआधी हे कुणाला जमलं नव्हतं. खूश होऊन दोन अमेरिकनांनी त्याची गाडी खरोखरीच सोन्यानं मढवून दिली. त्याच काळात तो इथं होता, आणि १९७०, ७१, ७२ अशी तीन वर्षं लीगचं विजेतेपद बेल व्ह्यूकडे राहिलं. मग तो एक्सेटरला गेला. आता तो पाहुणा म्हणून येतो आणि लोक त्याला हुर्यो करतात. म्हातारा म्हणतो, मीही करतो, पण त्याचे गुण लिहिताना अक्षर जरा चांगलं काढतो.

मॉगरविषयी माझं एक मत आहे, ते इथं सांगून टाकतो. त्यानं या खेळाला व्यावसायिक शिस्त आणली असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्याच्या हीट आठवताना लोकांना आकडे आठवतात. कॉलिन्सच्या आठवताना वळणं आठवतात. मॉगरची सोन्याची गाडी पुढं संग्रहालयात गेली, हे एका अर्थी बरोबरच झालं.

सातव्या हीटनंतर जरा बाजूला व्हा. इथं सगळं डावीकडेच वळतं, तुम्हीही वळा.

१९४१. तीच जागा, पण दुपार आहे. रात्री दिवे लावायला बंदी आहे म्हणून शर्यती शनिवारी दुपारी होतात. देशातली जवळजवळ सगळी मैदानं बंद पडली, बेल व्ह्यू मात्र युद्ध संपेपर्यंत दर मोसमात चालू राहिलं. बाहेर शहरात गेल्या डिसेंबरच्या बॉम्बहल्ल्यानं पडलेल्या इमारतींचे ढिगारे अजून आहेत. आत रजेवर आलेले सैनिक, कारखान्यातल्या बायका आणि शाळकरी मुलं कुंपणाला टेकून उभी आहेत. लंडनच्या संघांकडचे लोकही इथंच खेळायला येतात. कॅनडाचा एरिक चिटी इथं इतक्यांदा जिंकतो, की तो वेस्ट हॅमचा आहे हे मँचेस्टर विसरून गेलंय. कागदाचा तुटवडा आहे, पत्रिका लहान झालीय. रिकामी घरं आहेत, आणि ती भरली जाताहेत.

इथं बेल व्ह्यूचा जुना गडी एरिक लँग्टनही दिसेल. त्याच्याविषयी लोक मागून काहीतरी बोलतात. १९३६ ची पहिली जागतिक अंतिम शर्यत, वेम्ब्ली, सुमारे चौऱ्याहत्तर हजार लोक. ऑस्ट्रेलियाचा ब्लुई विल्किन्सन आपल्या पाचही हीट जिंकला आणि तरी तिसरा आला, कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण धरायचे होते. असला नियम केवळ समितीलाच सुचू शकतो. पहिल्या जागेसाठी लँग्टन आणि ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग बरोबरीत. निर्णायक शर्यतीत लँग्टननं फिती तोडल्या. तो बाद व्हायला हवा होता. व्हॅन प्राग म्हणाला, असा जिंकायचा नाही मला, शर्यत होऊ द्या. झाली. शेवटच्या वळणापर्यंत लँग्टन पुढं होता आणि तिथं फटीतून घुसून व्हॅन प्राग चाकभर अंतरानं जिंकला. मग कुजबुज सुरू झाली, की पहिल्या वळणावर जो पुढं त्यानं जिंकायचं असं दोघांचं आधी ठरलं होतं, आणि व्हॅन प्रागनं नंतर पन्नास पौंड लँग्टनच्या हातात ठेवले. खरं-खोटं कुणी सिद्ध केलं नाही. १९४२ मध्ये व्हॅन प्रागचं विमान इंडोनेशियाच्या समुद्रात पाडलं गेलं, तो जखमी साथीदारांना घेऊन पोहत राहिला आणि त्याला जॉर्ज मेडल मिळालं. त्यानंतर पन्नास पौंडांचा विषय काढणारे जरा आवाज खाली करून काढू लागले.

आणखी मागं जायचं असेल तर १९ फेब्रुवारी १९२८, लंडनबाहेरचं एपिंगचं जंगल, हाय बीच, किंग्ज ओक नावाच्या पबच्या मागची जागा. हे थोडक्यात बघून घेऊ, कारण तिथं उभं राहायला जागाच नाही. इलफर्डच्या मोटरसायकल क्लबला दोन-तीन हजार लोक येतील असं वाटलं होतं. आले त्याच्या कितीतरी पट. लोक झाडांवर चढलेत, मार्गाच्या बाहेर आहेत आणि मार्गाच्या आतही आहेत, मधे फक्त एक दोर. मोटरसायकली त्या दोघांच्या मधल्या राखेतून जाताहेत. ऑस्ट्रेलियात हा खेळ आधीच रुजला होता आणि तिकडचे दोघं-तिघं इथं करून दाखवायला आलेत. ब्रिटनमधली पहिली खरी स्पीडवे शर्यत हीच, असं दक्षिणेकडचे लोक सांगतात. मँचेस्टरवाले म्हणतात, १९२७ च्या जूनमध्ये आमच्या ड्रॉयल्सडनला झाली ती कोण विसरलं? हा वाद मिटायची वाट बघत बसू नका. दोन-तीन वर्षांत देशभर मैदानं उघडतील. आयर्लंडची फे टेलर पुरुषांना हरवेल, आणि १९३० मध्ये स्त्रियांना या शर्यतींतून बंदी होईल. पत्रिका भरणाऱ्या बायकांवर मात्र कुणी बंदी घालू शकलं नाही.

आता पुढं या. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये थांबावं लागेल.

पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा, चणीनं इतका लहान की गाडीवर बसल्यावर गाडीच मोठी दिसते. पण तिच्या अंगावर तो असा हलतो, कधी टाकीवर, कधी मागच्या चाकावर, की प्रत्येक वळणावर तो पडणार असं वाटतं आणि पडत नाही. तोलाचा जादूगार म्हणतात त्याला. १९५५ मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता, १९६२ मध्ये पुन्हा. दोनदा जिंकणारा तो पहिला इंग्रज. त्या दशकात ओव्हे फुंडिन, ब्रिग्ज, रॉनी मूर असे स्वीडन-न्यूझीलंडचे वाघ जेतेपद आपसांत वाटून घेत असताना, मधे घुसणारा हा एकटा. बेल व्ह्यूच्या पोरांना तो आपल्या उंचीचा वाटायचा, हे त्याचं खरं यश.

शुक्रवार, २० सप्टेंबर. बेल व्ह्यूचा संघ एडिनबराला गेलाय, ओल्ड मेडोबँकला. पुढं जाणाऱ्या जॉर्ज हंटरची गाडी अचानक अडखळते. मागून क्रेव्हन येतोय. त्याला चुकवायला तो गाडी बाहेर काढतो आणि कुंपणावर आदळतो. तुम्ही तिथं नका जाऊ. तुम्ही मँचेस्टरलाच, लाँगसाइटच्या एखाद्या गल्लीत, मंगळवारी २४ तारखेला थांबा. चार दिवस लोक एकमेकांना काही कळलं का विचारताहेत. दुपारनंतर कळतं. वय एकोणतीस. एका घराच्या स्वयंपाकघरात टेबलावर एडिनबराच्या सामन्याची पत्रिका पडलीय. त्या घरातला कुणीतरी रात्रभर प्रवास करून शनिवारी परतला होता. त्यानं क्रेव्हनच्या नावापुढचं घर भरलेलं नाही. नियमाप्रमाणे तिथं एक अक्षर यायला हवं. सगळे नियम माहीत असलेला माणूस आहे तो.

पुढं क्रेव्हनच्या नावानं स्मृतिचषक सुरू झाला. त्या रात्रीही तेवढ्याच पेन्सिली असतात.

परत १९७६ मध्ये आलात तर तेरावी हीट चालू असेल. म्हाताऱ्यानं तुमचीही पत्रिका मधल्या काळात भरून ठेवलीय, तुमच्यापेक्षा नीटनेटकी. सामना संपल्यावर तुम्हाला सांगावंसं वाटेल, की पुढच्या वर्षी कॉलिन्स मोडका पाय घेऊन योटेबोरीला भर पावसात जागतिक अंतिम शर्यतीत उतरणार आहे आणि मॉगरच्या मागं दुसरा येणार आहे. की १९८१ मध्ये वेम्ब्लीवर नव्वद हजारांहून जास्त लोक येतील आणि कॅलिफोर्नियाचा ब्रूस पेनहॉल दोन डेन्मार्कवाल्यांना अगदी रेषेवर गाठून जिंकेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून त्याच रात्री खेळ सोडून टीव्हीच्या मालिकेत पोलीस व्हायला जाईल. की त्या १९८२ च्या लॉस एंजेलिसच्या रात्री दुसरा येणारा लेस हा याच पीसीचा धाकटा भाऊ असेल, आणि त्याच वर्षी बेल व्ह्यू पुन्हा लीग जिंकेल. या सगळ्यातलं म्हाताऱ्याला पेनहॉलचं पटणार नाही. जगज्जेतेपद सोडून पडद्यावरचा पोलीस? म्हणून गप्पच बसा.

शेवटचं डावं वळण १९८७ च्या हंगामाअखेरीचं. जागा विकली गेलीय, इथं आता मोटारींचे लिलाव होणार आहेत. हाइड रोडवर शेवटच्या शर्यतीला लोक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आलेत. त्यात वर्षानुवर्षं न फिरकलेलेही आहेत, आणि जे दर शनिवारी येत होते ते त्यांच्याकडे जरा रागानं बघताहेत. बरोबरच आहे. हे सगळे दर आठवड्याला आले असते, तर कदाचित आजची रात्र आली नसती. ब्रिटनमध्ये अशी मैदानं एकामागोमाग गेली : वेम्ब्ली, वेस्ट हॅम, हॅलिफॅक्सचं द शे, पुढं क्रॅडलीचं डडली वूड, विम्बल्डन, एक्सेटर. बहुतेकांच्या जागी घरं किंवा दुकानं आहेत. संघांचा मालकी हक्क जमिनीवर नव्हता, फक्त शनिवार-सोमवारांवर होता, आणि शहरात जमीन महाग होत गेली की वारांची किंमत कोण करतो?

बेल व्ह्यूचा संघ मात्र मेला नाही. १९८८ मध्ये तो थोड्याच अंतरावरच्या कर्कमनशुल्म लेनच्या ग्रेहाउंड स्टेडियमवर गेला, जिथं १९२८ मध्ये बेल व्ह्यूनं या खेळाची पहिली तालीम केली होती. तिथला मार्ग आखूड आणि हाइड रोडवर वाढलेल्या डोळ्यांना अपमानास्पद वाटावा असा. तरी लोक जवळजवळ तीस वर्षं तिथं कुरकुरत गेले. मग २०१६ मध्ये त्याच परिसरात नवंकोरं राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं.

तिथं उद्घाटनाच्या रात्री उतरा. मार्च महिना, बोचरी थंडी, पीटर क्रेव्हन स्मृतिचषक. आणि नवा मार्ग धड बसलेलाच नाही. कार्यक्रम पार पडू शकत नाही, लोकांना परत पाठवतात. फाटकाबाहेर रांगेत अडकलेल्या गाड्यांमधून जो तो हाइड रोडच्या नावानं बोलतोय. हाइड रोडवर असं कधी झालं नसतं, एकजण म्हणतो. झालं होतं, दुसरा म्हणतो, पावसानं मार्गाचा चिखल झाला होता आणि सामना रद्द झाला होता, मी होतो तिथं. कुठलं वर्ष? वर्षावरून जुंपते. तिसरा गाडीतून उतरून डिकी उघडतो आणि जुन्या पत्रिकांची एक जड पिशवी बाहेर काढून बॉनेटवर ओततो.